विजेची छोटी गाडी : आधी वजन, मग पल्ला

विज्ञान प्रदर्शनात विजेच्या गाडीची प्रतिकृती आता हमखास दिसते. खेळण्यातली मोटर, दोन घट, पुठ्ठ्याचे अंग आणि शेजारी रंगीत तक्ता. पाहणाऱ्यांपैकी एखादे गृहस्थ विचारतात, "आमच्या दारात जुनी मारुती पडून आहे. ती अशी विजेवर करता येईल का? आणि एकदा चार्ज केली की किती जाईल?" पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळे होता येते. दुसऱ्याला बहुधा उत्तर मिळते, "जेवढी बॅटरी मोठी, तेवढी गाडी लांब जाईल."

या दुसऱ्या उत्तराशी माझे भांडण आहे. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे. उरलेला अर्धा भाग कागदावर मांडून पाहिल्याखेरीज कोणी जुन्या गाडीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो मांडायला नववी-दहावीचे पदार्थविज्ञान पुरते. चला, मांडून पाहू.

गाडी कोणती घ्यावी? मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आपल्याकडे छोटी गाडी म्हटले की आजही कित्येकांच्या डोळ्यांपुढे तीच येते. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे ६५० किलो. माणसे आणि सामान धरून तिने जास्तीत जास्त सुमारे १००० किलो वाहावे, या हिशेबाने तिची चाके, स्प्रिंगा आणि ब्रेक बनवलेले आहेत. हा हजाराचा आकडा लक्षात ठेवा. पुढे तोच आपल्याला अडवणार आहे.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना गाडीला मुख्यतः दोन विरोध सोसावे लागतात. एक चाकांचे लोटण-घर्षण आणि दुसरा हवेचा विरोध. लोटण-घर्षण गाडीच्या वजनाच्या शेकडा १.२ धरू. माणसांसह गाडी ९५० किलोंची असेल तर हे बल साधारण ११२ न्यूटन भरते. वेग कमी-जास्त केला तरी ते फारसे बदलत नाही. हवेचे तसे नाही. तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या गाडीचा आकार आणि रुंदी लक्षात घेता ताशी ५० किलोमीटरला तो सुमारे ७५ न्यूटन, ८० ला १९३ आणि १०० ला ३०० च्या घरात जातो.

म्हणजे ताशी ८० च्या वेगाला एकूण बल ३०५ न्यूटन. एक किलोमीटर जाण्यासाठी ३०५ गुणिले १००० ज्यूल कार्य करावे लागेल. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. बॅटरीतून निघालेली वीज नियंत्रक, मोटर आणि दात्यांच्या पेटीतून चाकापर्यंत पोचेतो शेकडा २० वाया जाते असे धरले, तर किलोमीटरला सुमारे १०६ वॉट-तास लागतील. सोप्या भाषेत, एका युनिटमध्ये साधारण साडेनऊ किलोमीटर. याच हिशेबाने ताशी ६० ला एका युनिटमध्ये १३ किलोमीटर, ५० ला १५ किलोमीटर आणि १०० ला मात्र फक्त ७.

ताशी ८० ने धावण्यासाठी चाकांना लागणारी शक्ती काढून पाहा. ती सात किलोवॉटपेक्षाही थोडी कमी येते, म्हणजे सुमारे ९ अश्वशक्ती. या गाडीचे ७९६ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन तिच्या चौपट ताकदीचे होते. तेव्हा 'विजेच्या मोटरला गाडी ओढवेल का' ही शंका बाजूला ठेवायला हरकत नाही. मोटर गाडी ओढेल. अडचण तिच्या शिदोरीची आहे.

पेट्रोलची टाकी २८ लिटरची. त्या पेट्रोलचे वजन जेमतेम २१ किलो, पण त्यात जवळजवळ २५० युनिट ऊर्जा साठवलेली असते. इंजिन त्यातली पाऊणहून अधिक उष्णतेच्या रूपाने उधळून टाकते, तरी उरलेल्यावर गाडी पाचशे किलोमीटर जाते. उधळेपणा झाकून जावा इतके पेट्रोल श्रीमंत आहे. बॅटरी मोटरला जवळजवळ काही वाया घालवू देत नाही, पण ती मुळात गरीब. नेहमीच्या शिसे-आम्ल बॅटरीत एका किलोमागे सुमारे ३० वॉट-तास मावतात. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे घट पेटी, जोडण्या आणि नियंत्रणासह मोजले तर किलोमागे सुमारे १२० वॉट-तास देतात.

आता लांब पल्ला ठरवू. ताशी ८० च्या वेगाने २०० किलोमीटर. त्यासाठी २१.२ युनिट लागतील. बॅटरी तळापर्यंत रिकामी करणे तिच्या आयुष्याला बरे नव्हे, आणि रस्त्यात पाऊस, वारा, वळसा काहीही आडवे येऊ शकते. म्हणून शेकडा २० शिल्लक ठेवू. मग बॅटरी हवी साडेसव्वीस युनिटांची.

शिशाच्या बॅटरीने हे करायचे तर वजन होते सुमारे ८८० किलो, म्हणजे गाडीपेक्षा बॅटरी जड! पण हिशेब इथे थांबत नाही. एवढे वजन वाढले की लोटण-घर्षण वाढते, मग अधिक ऊर्जा लागते, मग अधिक बॅटरी, मग पुन्हा अधिक वजन. हे चक्र कागदावर फिरवून पाहिले तर आकडे असे येतात : ८८०, ११०५, ११८५, १२१०... प्रत्येक वाढ आधीच्या वाढीच्या सुमारे एक तृतीयांश असल्याने श्रेणी १२२५ किलोंच्या आसपास स्थिरावते. गणिताच्या शिक्षकांना भूमिती श्रेणी शिकवताना याहून जिवंत उदाहरण सहसा मिळणार नाही. गाडीच्या स्प्रिंगांना मात्र ते परवडणारे नाही.

इतिहासानेही हेच सांगितले आहे. वाहन ताशी १०० किलोमीटरच्या पुढे नेण्याचा पहिला विक्रम १८९९ मध्ये कामीय झेनात्सी या बेल्जियन गृहस्थाने केला, तो विजेच्या गाडीतच. म्हणजे वेग तेव्हाही होता, पल्ला नव्हता. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, जनरल मोटर्सने मुळापासून विजेसाठीच आखलेली ई.व्ही. १ ही गाडी आणली. तिच्या शिसे बॅटरीचे वजन पाचशे किलोंहून अधिक होते आणि आसने फक्त दोन. २००१ साली बंगळूरच्या रेवाने शहाणपणाचा मार्ग धरला. लहान गाडी, बेताचा वेग, शिशाच्या सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या आणि सुमारे ८० किलोमीटरचा पल्ला. अनेकांनी तिला नावे ठेवली. पण तिच्या आखणाऱ्यांनी वजनाचा हिशेब नीट केला होता, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

चित्र बदलले ते लिथियमने. १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आले, आणि त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील ए.सी. प्रॉपल्शन या छोट्या कंपनीने १९९७ मध्ये टी-झीरो नावाची दोन आसनी गाडी शिशाच्या बॅटऱ्यांवर चालवून दाखवली होती. २००३ मध्ये त्याच गाडीत लिथियमचे हजारो लहान घट बसवले, तेव्हा तिचा पल्ला कितीतरी वाढला आणि वजन उलट घटले. याच कंपनीच्या ॲलन कोकोनी यांनी लांबच्या प्रवासासाठी आणखी एक युक्ती काढली होती : छोट्या इंजिनावर चालणारे जनित्र दोन चाकांच्या जोडगाडीवर ठेवायचे आणि गरज पडेल तेव्हाच ते मागे जोडायचे. रोजच्या प्रवासात ते ओझे घरीच राहते. मला ही युक्ती फार आवडते. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू वर्षभर वाहू नये, इतका साधा विचार तिच्यामागे आहे.

आपल्या मारुतीकडे परत येऊ. लिथियमचे साडेसव्वीस युनिट म्हणजे सुमारे २२० किलो. बाजारात ३.२ व्होल्ट आणि २८० अँपिअर-तासांचे मोठे घट मिळतात. असे ३० घट एकापुढे एक जोडले की ९६ व्होल्ट होतात आणि ऊर्जा भरते जवळजवळ २७ युनिट. इंजिन, टाकी, धूरनळी, रेडिएटर काढून १०० किलो वजन उतरले आणि मोटर व नियंत्रक यांचे ५० किलो चढले असे धरू. नवी गाडी रिकामी असतानाच ८२० किलो भरते. वर सांगितलेला हजाराचा आकडा आठवा. माणसांसाठी आणि सामानासाठी उरले १८० किलो. म्हणजे पुढे दोन माणसे आणि दोन पिशव्या. पूर्वी याच गाडीत साडेतीनशे किलो बसत होते.

मघाशी ज्या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल म्हटले, तो हा. मागचे आसन देऊन आपण पल्ला विकत घेतला. आसन जागेवर दिसत राहते, त्यावर आजी आणि नातवंडे बसतातही, पण गाडी त्यांच्यासाठी उरलेली नसते. ती अकराशे किलोंच्या वर गेली, हे बसणाऱ्याला कळत नाही. ते कळते उतारावर, ब्रेक दाबल्यावर. ब्रेकला जी गतिज ऊर्जा जिरवावी लागते ती वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, आणि ब्रेकच्या चकत्या जुन्याच असतात. पल्ल्याच्या अभिमानात ही गोष्ट सांगायची राहून जाते आणि तिचा धोका ज्यांनी हिशेब केलेला नाही त्यांच्या वाट्याला येतो. माझा आक्षेप आहे तो याला.

म्हणून माझे म्हणणे असे : मारुतीएवढ्या गाडीसाठी पल्ला १०० किलोमीटरच धरावा. बॅटरी १३-१४ युनिटांची, वजन ११० किलो, गाडी रिकामी ७१० किलो. मग चार माणसे आणि त्यांच्या पिशव्या हजाराच्या आत बसतात. तुम्ही म्हणाल, मग लांब पल्ल्याचे काय? याचे एक उत्तर उजव्या पायाखाली आहे. ताशी ८० ऐवजी ६० ने गेलात तर हीच बॅटरी १०० ऐवजी जवळजवळ १४० किलोमीटर नेते. एक ग्रॅमही वजन न वाढवता चाळीस किलोमीटर! दुसरे उत्तर एस.टी.च्या स्थानकावर आणि रेल्वेच्या फलाटावर आहे. पुणे-कोल्हापूर प्रवास वर्षातून तीनदा करायचा, त्यासाठी रोज शाळेत आणि बाजारात जाताना शंभर किलो जादा घट फिरवत राहणे मला तरी पटत नाही. ज्या दोघांना रोज खरोखरच दीडशे-दोनशे किलोमीटर फिरावे लागते त्यांनी मोठी बॅटरी घ्यावी, पण मग मागचे आसन काढूनच टाकावे. म्हणजे मोहच नको.

घाटाची भीती मात्र अनेकांना उगाच वाटते. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर उंच जाते. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, हे सूत्र वापरा. ९५० किलोंच्या गाडीला ५१ लाख ज्यूल, म्हणजे दीड युनिटसुद्धा नाही. वाया जाणारे धरून १.८ युनिट घ्या. सपाट रस्त्यावरच्या सतरा किलोमीटरएवढा खर्च. उतरताना मोटरच जनित्र बनते आणि त्यातला काही भाग बॅटरीला परत देते. पेट्रोलच्या गाडीला हे कधीच जमले नाही. खरा उधळा आहे शहराचा रस्ता. ताशी ५० च्या वेगातून गाडी एकदा थांबवली की ९२ हजार ज्यूल जातात. दर अर्ध्या किलोमीटरला असे थांबावे लागले, तर किलोमीटरमागचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. तिथेही मोटरने ब्रेक लावण्याची सोय असेल तर थोडी भरपाई होते.

वजन किती याइतकेच ते कुठे, हेही महत्त्वाचे. इंजिन पुढून गेले आणि सगळे घट मागच्या सामानाच्या कप्प्यात रचले, तर काय होईल? गाडी ही एक तरफ आहे, मागचा आस हा टेकू. दोन्ही आसांमधले अंतर २.१७५ मीटर. आसाच्या अर्धा मीटर मागे १५० किलो ठेवले तर पुढच्या चाकांवरचे वजन सुमारे ३५ किलोंनी उचलले जाते आणि मागच्या चाकांवर १८५ किलो पडतात. पुढची चाके हलकी झाली की ती वळायला कुरकुरतात, ओल्या रस्त्यावर तर अधिकच. त्याच चाकांना ओढायचेही असते, कारण ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. म्हणून निम्मे घट पुढे इंजिनाच्या जागी आणि निम्मे मागच्या आसनाखाली, ही मांडणी बरी. शिवाय ९६ व्होल्टचा एकदिश प्रवाह म्हणजे खेळण्यातला घट नव्हे. चुकून पान्हा आडवा पडला तर तो जागीच वितळू शकतो. प्रत्येक घटाचा विद्युत्‌दाब वेगळा पाहणारी यंत्रणा नसेल तर तीसपैकी सर्वांत अशक्त घट आधी मरतो, आणि एकापुढे एक जोडलेल्या घटांत एक मेला की सगळ्यांचेच काम थांबते. हे काम शाळेच्या कार्यशाळेत करायचे नाही. कागदावरचा आराखडा तुमचा, प्रत्यक्ष जोडणी प्रशिक्षित माणसाची.

कायदाही हेच म्हणतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. विजेवर रूपांतर करायचे तर तपासणी होऊन मान्यता मिळालेला संचच अधिकृत ठिकाणी बसवावा लागतो आणि नोंदणीपुस्तकात इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. अशा संचांसाठी ए.आय.एस. १२३ हे मानक आहे, आणि अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय., आपल्या पुण्यातच आहे. काहींना ही कटकट वाटते. मला वाटत नाही. मागे बसणाऱ्या आजींच्या वतीने कोणीतरी तराजू घेऊन उभे असायलाच हवे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, मग पुन्हा तपासणी. आजच्या बहुतेक मारुती ८०० त्या वयाला पोचल्या आहेत किंवा पोचत आहेत. तेव्हा तळाचा पत्रा गंजला आहे का, हे बॅटरीची चौकशी करण्याआधीच पाहावे.

आता तक्त्यावर लिहितात त्या 'प्रदूषण नाही' या शब्दांविषयी. गाडी धूर सोडत नाही हे खरे, आणि शाळेच्या दारात उभ्या असलेल्या मुलांच्या फुप्फुसांना त्याचा मोठा लाभ आहे. पण आपल्या वीजजाळ्यातील बरीच वीज अजून कोळशाची आहे. एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चार्जिंगमधले नुकसान धरून आपल्या गाडीचे किलोमीटरला सुमारे ८३ ग्रॅम होतात. लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीचे ११५ ग्रॅम. फायदा आहे, पण तक्त्यावर लिहितात तेवढा नाही. घट बनवताना होणारे उत्सर्जन तर यात धरलेलेच नाही, आणि तेही बॅटरी मोठी तसे मोठे. छपरावरच्या सौर पट्ट्यांवर गाडी चार्ज केली तर चित्र पुष्कळ पालटते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. प्रतिकृतीऐवजी यंदा एक मोजमाप करून पाहावे. ओळखीच्या अनुभवी चालकाला गाडीसह बोलवा. मोकळा, सपाट, रहदारी नसलेला रस्ता पाहा. ताशी ६० पेक्षा थोड्या अधिक वेगात असताना त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी आणि शेजारी बसलेल्या शिक्षकांनी वेग ६० वरून ५० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. मग उलट दिशेने जाऊन पुन्हा, म्हणजे वाऱ्याचा आणि चढाचा परिणाम कटून जाईल. मुलांनी वर्गात बसून बल काढावे : वस्तुमान गुणिले वेगातील बदल, भागिले वेळ. आपल्या ९५० किलोंच्या हिशेबाप्रमाणे सुमारे १३ सेकंद यायला हवेत. दहाच आले, तर विरोध २०० ऐवजी २६० न्यूटनच्या पुढे गेला, आणि शंभर किलोमीटरच्या बॅटरीतले वीसाहून अधिक किलोमीटर तिथेच गेले. अशा वेळी चाकांतली हवा भरून आणि एखादा ब्रेक चिकटत नाही ना हे पाहून मोजणी पुन्हा करा, आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी वहीत लिहा.